लाल फुलीची चकती

मी एक जुनी चकती आहे. रंग नारिंगी होता, असं मला आठवतं. आता बघणारे भाजक्या विटेचा म्हणतात. म्हणू दे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अंगावर कारखान्याने चार आकडे छापले होते, तेवढीच माझी विद्या: वेग किती, तरंगणं किती, उजवीकडे कलणं किती आणि शेवटी डावीकडे पडणं किती. त्यातले दोन झिजून गेले. उरलेल्या दोनांवर मी आजही भल्याभल्यांना शिकवीन.

मित्रांनो, मी कशासाठी आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला ताटली समजाल. समजणारे मला भेटले आहेत. मैदानावर एक लोखंडी खांब असतो. त्याला साखळ्या लटकवलेल्या असतात आणि खाली टोपली. लांबून चकती फेकत फेकत जायचं आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. जवळून टाकायच्या चकत्या जाड काठाच्या, गुबगुबीत असतात. मी त्यांतली नव्हे. मी लांब पल्ल्याची. माझा काठ रुंद आणि धारेचा. आम्हाला ड्रायव्हर म्हणतात, आणि खेळाची पहिली फेक आमचीच असते.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक ओतलं, दाबलं, निवलं, की मी बाहेर. प्लास्टिक साधं, सगळ्यात स्वस्त. त्याची मला लाज नाही. आमच्यात मुख्य तीन प्रकार, ते नीट ऐकून ठेवा. एक साधं, म्हणजे माझं. हाताला जरा खरखरीत, बोटांत घट्ट बसणारं, पण झाडावर आपटलं की खड्डा पडणारं. दुसरं दुधी. गढूळ दिसतं, रबरासारखं चिवट असतं, मार खातं पण रूप सोडत नाही. तिसरं काचेसारखं आरपार. सगळ्यांत टणक, दिसायला देखणं, आणि दव पडलं की बोटांतून सटकणारं. दुकानात किंमतही साधारण याच क्रमाने चढते. दुकानदार तेवढंच सांगतो. बाकीचं मैदानावर कळतं.

मला भिलाईत आणलं नरेश सरांनी. ते खेळाचे शिक्षक. रिसालीच्या एका मोकळ्या मैदानात त्यांनी टोपल्या स्वतः वेल्डिंग करून उभ्या केल्या होत्या. जुन्या पाइपाचे खांब, भंगारातल्या साखळ्या, ड्रमचे कापलेले तळ. चकती साखळीत शिरली की असा खणखण आवाज व्हायचा, की शेजारच्या क्वार्टरमधल्या बाया भांडी घासताना मान वर करायच्या. तसा आवाज आता कुठे होत नाही. आताच्या टोपल्या विकतच्या.

नवी असताना मी फार हेकट होते. कितीही सरळ फेका, शेवटी डावीकडे मान टाकायची म्हणजे टाकायची. मग कडुनिंबावर आपटले, बाभळीवर आपटले, एकदा तर सरांच्याच स्कूटरवर आपटले. वर्षा-दोन वर्षांत हेका गेला. साध्या प्लास्टिकचं असंच असतं. मार खाऊन ते नरमतं, काठ किंचित बसतो, आणि चकती सरळ आणि लांब जायला लागते. त्याहून झिजली तर उजवीकडे कलायला लागते. दुधी आणि काचेसारख्या चकत्या कितीतरी वर्षं होत्या तशाच हेकट राहतात. लोक त्याला टिकाऊपणा म्हणतात.

मी सरळ झाले तेव्हाच सरांनी मला उत्कर्षाच्या हातात दिलं. ती बारा वर्षांची, काडीसारखे हात. बाकीच्या पोरांनी नव्या चकत्या पळवल्या आणि ही मागे उभी राहिली. सर म्हणाले, "हे घे. ही जुनी हाये, पण तुह्या हातानं हीच जाईन."

ती माझी सोन्याची वर्षं होती, मित्रांनो. सकाळी साडेपाचला ती मला सायकलच्या टोपलीत टाकायची. तीस मीटर, पस्तीस, चाळीस. पन्नास मीटर गेले त्या दिवशी तिने माझं पोट रुमालाने पुसलं आणि मला कपाळाला लावलं. तिच्या घामाचा वास अजून माझ्या काठात आहे. कोणाला नसेल येत, मला येतो.

आता तिच्या घराचं सांगते. आई वंदना आणि आजोबा तेजराम. तेजराम भंडाऱ्याकडच्या खेड्यातून तरुणपणी इथे आले आणि चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये राबले. काम होतं लोखंडाला पाणी देण्याचं. म्हणजे लालभडक तापलेलं लोखंड एकदम थंड करायचं, की ते कडक होतं. मग माल तपासायचा. त्यांच्या खात्यात नापास मालावर लाल रंगाची फुली मारत आणि पास मालावर पांढरा ठिपका. रिटायर झाले, पण रंगाचे दोन डबे आणि ब्रश घरी घेऊन आले. गळकी बादली दिसली, मार फुली. हँडल हललेली कढई, मार फुली. एकदा वंदनाचा झारा हातात घेऊन उजेडात बघत होते.

"मामाजी," वंदना चुलीपाशी... नाही, गॅसपाशी उभी राहून सासऱ्यांना म्हणाली, "भांडे झाले असतील तं माह्यावरही मारून द्या एक फुली."

"तुह्यावर कायले मारू," तेजराम म्हणाले. "तू पास माल हायेस. फक्त आवाज जास्त करतेस."

उत्कर्षा सोळाची झाली तेव्हा वंदनाने तिला दोन चकत्या घेऊन दिल्या. एक दुधी, एक काचेची. दोघी पिशवीत आल्या आणि सासू मी असून कोपऱ्यात मीच गेले. काचेची तर इतकी गुळगुळीत की दुसऱ्याच्या अंगाला अंग लावायची नाही. उत्कर्षाचे हात आता भरले होते. जोराच्या फेकीला मी उजवीकडे कलून पडायचे आणि त्या दोघी सरळ जायच्या. खरं ते खरं. मला राग आला, पण खोटं मी बोलणार नाही.

एक दिवस वंदनाने मला पिशवीतून काढलं आणि तुळशीच्या कुंडीखाली पाणी साचायला ठेवलं. दोन पावसाळे मी कुंडीखाली काढले. वरून कुंडीचं वजन, पोटात चिखलाचं पाणी. लांब पल्ल्याची मी, आणि माझा पल्ला आता बाल्कनीच्या जाळीपर्यंत. सकाळी सायकलची घंटी ऐकू आली की मला कळायचं, त्या तिघी निघाल्या.

मग गेल्या डिसेंबरात राज्याच्या संघाची निवड निघाली. जुनवानीच्या मैदानावर, सकाळी आठला. मुलींना पंच्याहत्तर मीटर फेक लागणार होती, तीन संधी. उत्कर्षाचं वय त्या गटात तेवढंच एक वर्ष उरलं होतं. सहा वर्षं ती याच दिवसासाठी पहाटे उठत होती. आणि तिची सगळ्यात लांब फेक होती त्र्याहत्तर.

"थोडासाच फरक आहे, आबाजी," ती जेवताना म्हणाली. "दुधी का किनारा थोडा और कडक असता ना, तो हो जाता."

ती सहज बोलून गेली. पण तेजरामांनी ते ऐकलं. लोखंड कडक करण्यात ज्याची चौतीस वर्षं गेली, त्याच्या नातीला कडक माल हवा होता.

निवडीच्या आदल्या दुपारी उत्कर्षा कॉलेजात, वंदना बाजारात. तेजरामांनी मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि शेजारी माठातल्या थंड पाण्याची बादली. मग तिन्ही चकत्या ओळीने मांडल्या. मलाही कुंडीखालून काढलं, पुसलं, काठावरून अंगठा फिरवला, उजेडात धरलं. किती खड्डे, किती ओरखडे. मान हलवली. ब्रश काढला आणि माझ्या पाठीवर लाल फुली मारली.

"हिले पाणी देऊन काही फायदा नाही," ते म्हणाले आणि मला बाजूला ठेवलं.

त्या फुलीने मला वाचवलं, मित्रांनो. पण तेव्हा ती मला फार झोंबली.

सांडशीने त्यांनी दुधीला उकळत्या पाण्यात धरलं. लोखंडाचा हिशेब प्लास्टिकला लागत नाही. ती मेणासारखी लोंबायला लागली, आणि तशीच लोंबती त्यांनी बादलीत बुडवली. निवली ती पापडासारखी वाकडी होऊन. तेजरामांना वाटलं पाणी कमी तापलं. म्हणून काचेचीला जास्त वेळ धरली.

संध्याकाळी उत्कर्षाने दोघींना हातात घेतलं. दोघीही वाकड्या झाल्या होत्या.

"आबाजी, ये क्या कर दिया तुमने?"

"कडक करून राहिलो होतो," तेजराम म्हणाले. "तुले कडक पायजे होती ना."

"लोखंड आहे का ते?"

वंदना मध्ये पडली. "मामाजी, कावून हात लावला तुमी? इचारायचं तं होतं पोरीले."

तेजरामांनी सांडशी उचलून जागेवर ठेवली. चौतीस वर्षांत त्यांनी कधी माल खराब केला नव्हता. ते बाल्कनीत जाऊन प्लांटच्या चिमण्यांकडे बघत बसले आणि जेवायला उठले नाहीत.

सकाळी निघताना उत्कर्षाने मला उचललं. फुलीकडे बघितलं. थंडीत साधं प्लास्टिक आखडतं आणि आपटलं की चिरतं, हे तिला माहीत होतं. म्हणून तिने मला स्वेटरच्या आत पोटाशी धरलं आणि स्कुटीवर जुनवानीपर्यंत तसंच नेलं. मागच्या सीटवर तेजराम होते. तिने बोलावलं नव्हतं. ते चपला घालून येऊन बसले होते, आणि तिने उतरा म्हटलं नाही.

नरेश सर मैदानावर होते. फुली बघून म्हणाले, "ही कुठून काढली? दुसऱ्या कोणाची मागून घे."

पहिली फेक तिने एका मैत्रिणीच्या काचेच्या चकतीने केली. गवतावर दव होतं. चकती बोटांतून सटकली आणि अठ्ठावन्नवर डावीकडे पडली.

दुसरी फेक माझी. तिने मला दुधीसारखं सपाट आणि जोरात फेकलं. मी काय करणार? उजवीकडे कलले, चुन्याच्या रेषेबाहेर जाऊन पडले. मोजलंच नाही.

ती मला आणायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता ही मला इथेच सोडून जाईल. ती खाली बसली. माझ्या काठावरून अंगठा फिरवला, आदल्या दिवशी तेजरामांनी फिरवला होता तसाच. पण तिने माल तपासला नाही. तिने आठवलं. बारा वर्षांची असताना सरांनी शिकवलं होतं, झिजलेल्या चकतीचा डावा काठ खाली झुकवून सोडायचा, म्हणजे ती हवेत स्वतःच सपाट होते आणि मग लांब तरंगते. टणक चकतीला हे जमत नाही. मला जमतं.

परत येऊन ती रेषेवर उभी राहिली आणि थांबली. सर म्हणाले, "टाक ना."

"थांबा," मागून तेजराम बोलले. सगळ्यांनी वळून बघितलं. ते दूर चिमण्यांच्या धुराकडे बोट दाखवत होते. "धूर आपल्याकडे येऊन राहिला. हवा तोंडावर हाये. फिरू दे."

समोरच्या वाऱ्यात माझ्यासारखी उलटून पडते. हे त्यांना माहीत नव्हतं. धूर कुठे जातो, एवढंच त्यांना चौतीस वर्षांपासून माहीत होतं.

धूर उभा झाला. मग हळूहळू पलीकडे वाकला.

"आता," तेजराम म्हणाले.

तिने डावा काठ झुकवला आणि मला सोडलं. मित्रांनो, दोन पावसाळे कुंडी डोक्यावर घेतलेली मी. मी वाकडी निघाले, हवेतच सपाट झाले, आणि वाऱ्याने मला पाठीवर घेतलं. साठची रेषा खालून गेली. सत्तरची गेली. मी उजवीकडे थोडीशी कलले, फार नाही, आणि पंच्याहत्तरच्या पलीकडे एका दगडावर उतरले.

शहात्तर मीटर वीस. उत्कर्षा संघात गेली.

त्या दगडाने माझ्या काठाला बोटभर चीर पडली. आता मी उडत नाही. घरी आल्यावर तेजरामांनी चीर बघितली. त्यांचा हात टेबलाच्या खणाकडे गेला, जिथे त्यांची डाख द्यायची तार आणि गोंद असतो. तिथेच थांबला.

"काही करू का हिले?" त्यांनी उत्कर्षाला विचारलं.

"नको आबाजी. राहू द्या."

त्यांनी मान हलवली. मग पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, ब्रशचं टोक बुडवलं आणि माझ्या पाठीवर, फुलीच्या शेजारी, एक ठिपका ठेवला. फुली पुसली नाही. तीही त्यांनीच मारली होती ना.

वंदनाने मागून बघितलं. "मामाजी, आता मलेही देऊन टाका पांढरा ठिपका."

"तुले कधीचाच देल्ला," ते म्हणाले. "आवाजात दिसत नसन."

उत्कर्षा संघाच्या शिबिराला गेली आहे. मी खिडकीत असते, सावलीच्या बाजूला, कारण ऊन लागलं की प्लास्टिक वाकतं, हे तेजरामांनी आता विचारून घेतलं आहे. संध्याकाळी ते मला पुसतात. दुधी आणि काचेची दोन जाड पुस्तकांखाली सपाट व्हायला ठेवल्या आहेत. होतील हळूहळू. मी त्यांना काही बोलत नाही. बोलते कधी कधी.

तुम्हाला एकच सांगणं आहे, मित्रांनो. घरातली कोणतीही वस्तू कुंडीखाली सारायच्या आधी, किंवा तिला सुधारायला उकळत्या पाण्यात धरायच्या आधी, ती कशाची बनली आहे ते विचारा. माणसांनाही तेच लागू आहे, पण ते तुमच्या घरची मोठी माणसं सांगतील. मी आपलं चकत्यांचं सांगितलं.

आणि मला पुसायचं झालं तर ओल्या फडक्याने, हलक्या हाताने. ठिपका अजून ओला असल्यासारखा दिसतो, पण तो सुकलेला आहे. तो निघणार नाही.