जाळ्यावरची सुई

मंगळवारी अपाम या कोळ्यांच्या गावच्या किनाऱ्यावर कुणी समुद्रात उतरत नाही. त्या दिवशी जाळी सांधतात आणि मासळीच्या वाट्यांच्या भानगडीही तेव्हाच चालतात. रीत अशी, की जाळं सांधणाऱ्याला काही विचारलं आणि त्याने सुई खाली ठेवली तर नकार, सुई चालू राहिली तर होकार. तोंड उघडायचं कामच नाही.

अराबाची सुई दोन महिने चालूच होती. तिचा नवरा क्वेसी बुडाला तेव्हापासून. रडू येईना, भूक लागेना. कुणी पुढ्यात केंकी, म्हणजे मक्याचा उकडलेला गोळा, ठेवली तर खायची, नाहीतर तशीच बसायची. होडी म्हाताऱ्या न्यान्कोमची, इंजिन दीर आतोचं, जाळं क्वेसीचं. मासळी आली की तिघांचे सारखे ढीग, खलाशांचे वेगळे. शिवाय आता बाजूला एक छोटा ढीग, क्वेसीच्या नावाचा. मेलेल्या मालकाचा मान म्हणून तो वर्ष होईपर्यंत मांडायचा. तेवढा ढीग पाहिला की अराबाला वाटे, हा आहे अजून कुठेतरी. बाकी तिला काहीच वाटत नसे.

सकाळी आतो आला. "वहिनी, म्हाताऱ्याची होडी गळते. माझ्या ओळखीचा एक होडीवाला अर्ध्या ढिगावर राजी आहे. उरलेला अर्धा आपल्या दोघांत. बोल!"

अराबा गाठी मारत राहिली.

"वा! दादाने सुई आपटली असती," म्हणत आतो खुशीत निघून गेला.

खरंच आपटली असती. असं कुणी विचारायला आलं की क्वेसी दरवेळी सुई खाली ठेवायचा, आणि "तुमचं जाळं या जन्मात सांधून होत नाही," म्हणून ती त्याला हसायची. आज तिसऱ्याला काढून दोघांनी जास्त खाल्लं, तर उद्या त्या दोघांतलाच एक बाहेर पडणार, एवढं त्या माणसाला कळत होतं.

दुपारी न्यान्कोम काठी टेकत आला. "पोरी, तुझ्या दिराच्या इंजिनाला दमा झालाय. माझा भाचा नवं इंजिन देतोय, अर्ध्या ढिगात. राहिलेला अर्धा आपल्या दोघांत."

सुई चालूच. तिने धड ऐकलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी ताडीच्या दुकानात दोघांनी एकमेकांना डिवचायला एकच बढाई मारली, अराबा माझ्या बाजूने आहे म्हणून. तेव्हा कळलं, ती दोघांनाही हो म्हणालीय. मग बाकं जवळ ओढून बसले. काय मेले शहाणे!

बुधवारी अराबा जाळ्यापाशी बसून राहिली. जाळं उचलायला कुणी आलं नाही. दुपारी होडी परतली ती शेजारच्या गावच्या जाळ्यासह. वाळूवर ढीग पडले. होडीचा, इंजिनाचा, जाळ्याचा, खलाशांचे. बाजूची वाळू रिकामी होती.

"बाबा," तिने न्यान्कोमला हाक मारली. दोन महिन्यांत तिने आपणहून कुणाला हाक मारली नव्हती. "ह्यांचा ढीग?"

"तो जाळ्याच्या मालकाचा मान, पोरी. जाळं आता दुसऱ्याचं."

"तूच आम्हा दोघांना हो म्हणालीस, वहिनी," आतो मान वर न करता म्हणाला.

अराबाच्या हातात सुई तशीच होती. ती त्या रिकाम्या जागेवर बसली आणि तिने सुई वाळूवर ठेवली. दोघांनीही ते पाहिलं. तिला रडू फुटलं. पण आता तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.