केरूसाठी थांबलेली मोजणी

सन दोन हजारचा नोव्हेंबर. तेव्हा मी शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत हजेरी मांडणारा टाइमकीपर होतो. आमच्या कॅम्पमध्ये कोकणातल्या पोरांची स्वतःची मेस होती आणि तिचा मुख्य होता सुदेश. दापोलीकडचा हा माणूस कामावर फोरमन. मेस त्यानेच उभी केलेली, त्यामुळे काय शिजवायचं आणि काय आणायचं हे तोच ठरवायचा. पण त्या वर्षी कुरकुर वाढली होती आणि श्रीवर्धनचा वेल्डर इद्रीस ती उघड बोलून दाखवायला लागला होता.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी मेसमध्येच दोघांची जुंपली.

"फ्रोझन बांगडा किती दिवस खायचा?" इद्रीस म्हणाला. "उम्म अल कुवैनचा मासळीबाजार हाकेच्या अंतरावर आहे. पहाटे कोणी गेलं तर ताजी मासळी मिळते. आठ दिराम किलो, म्हणजे शंभर रुपये. मेस माझ्याकडे द्या, मी स्वतः जाईन."

सुदेश ताडकन उठला. "ठीक. ज्याला मी नको असेन त्याने हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. ड्यूटी लावणाऱ्या फोरमनसमोर कोण हात वर करणार?

माझी मुलगी तनया त्या दिवशी माझ्यासोबत होती. शारजात युनिव्हर्सिटीत शिकायची. शाळेत असल्यापासून शुक्रवारी माझ्याबरोबर कॅम्पवर जेवायला यायची, म्हणून सगळे तिला ओळखत. कोपऱ्यातल्या टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची फ्लोरिडातली फेरमोजणी चालू होती. माणसं मतपत्रिका उजेडासमोर धरून डोळे बारीक करून बघत होती. तनया सुदेशकडे बघत माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट अ व्होट."

"मग मोठ्याने सांग," मी म्हटलं.

ती लाजली, पण उभी राहिली. "काका, मी सध्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या इलेक्शनवर पेपर लिहितेय. मॅसॅच्युसेट्समध्ये कायदे करणाऱ्या सभेत बसणारी माणसं निवडायला ते लोक दाणे वापरायचे. माणूस हवा असेल तर मक्याचा दाणा, नको असेल तर घेवड्याचा. कोणी काय टाकलं ते कळायचं नाही. नंतर फक्त दाणे मोजायचे."

"अमेरिकेत? मशीन नव्हती?" भिवाकाकांनी विचारलं. कॅम्पमधले सगळ्यांत वयस्कर तेच.

"काका, तेव्हा अमेरिका देशच नव्हता. इंग्रजांची वसाहत होती. साडेतीनशे वर्षं झाली. आणि एकापेक्षा जास्त दाणे टाकले तर जबर दंड व्हायचा."

पोरं हसली. सुदेशही हसला, पण त्याने सगळ्यांकडे एकदा निरखून पाहिलं. "होऊन जाऊ दे. हरभरा म्हणजे मी राहणार. राजमा म्हणजे खलास, मेस इद्रीसची. नमाजानंतर करू."

इद्रीस आणि बाकीची मुसलमान पोरं जुम्म्याच्या नमाजाला गेली. ती परत आली तेव्हा मेस ओळखू येईना. बाकडी भिंतीला लावलेली, फरशी पुसलेली. आणि माणसं आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून आलेली. गावी जाताना विमानतळावर घालायचे ते शर्ट. तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांतले कित्येक विशीच्या आत इकडे आले होते आणि त्यांनी उभ्या जन्मात मत दिलं नव्हतं. मीही दिलं नव्हतं.

मध्ये टेबलावर भाताचं मोठं पातेलं, तोंडावर चादर बांधलेली आणि चादरीला हात जाईल एवढी चीर. प्रत्येकाने एक हरभरा, एक राजमा घ्यायचा. एक पातेल्यात टाकायचा आणि दुसरा मुठीतच ठेवून बाहेर पडायचं. पहिला मान सुदेशचा. मग रांग सरकू लागली. चादरीखाली दाणा पडला की बारीकसा टण्ण आवाज यायचा. एरवी तिथे कानठळ्या बसतील एवढा गलका असायचा. आता तो टण्ण आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. तनयाने माझा हात घट्ट धरला होता.

शेवटी भिवाकाका आले. त्यांनी मिटलेल्या दोन मुठी सगळ्यांसमोर धरल्या. "हा माझा दाणा. आणि हा केरूचा. तो जेटीवर ड्यूटीला आहे. मघाशी फोन केला तेव्हा म्हणाला, माझाही टाक."

गलका सुरू झाला. केरू क्रेनला इशारे देणारा सिग्नलमन. आठवड्यापूर्वीच सुदेशशी भांडून ताटावरून उठला होता. तो कोणता दाणा टाकणार हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ताई, तुमच्या त्या लोकांत चालायचं का असं?" कोणीतरी विचारलं.

"चालायचं," तनया म्हणाली. "लांबच्या गावांतून सगळ्यांना बॉस्टनला येता यायचं नाही. बर्फ, जंगल. मग ते आपलं मत दुसऱ्याच्या हाती पाठवायचे. पण तसा नियम त्यांनी आधी ठरवला होता. आपण नाही ठरवलेला."

"जाऊ द्या ना काका," इद्रीस म्हणाला. "एका दाण्याने काय होतंय? यल्ला, चला, मोजा. जेवण थंड होतंय."

"एका दाण्याने काय होतंय म्हणजे?"

हे सुदेश बोलला होता. सगळे त्याच्याकडे वळले.

"केरू याच मेसमध्ये जेवतो ना? मग त्याचा दाणा तोच टाकेल. आपण थांबू."

"क्रेन सोडून तो येणार कसा?" मी विचारलं. "जागेवर माणूस लागेल."

"मी उभा राहतो. चला, गाडी काढा."

"आणि मोजणी? तू इथे नसशील."

सुदेशने पातेल्याकडे पाहिलं. "एवढी माणसं आहेत की इथे," तो म्हणाला आणि हेल्मेट उचलून चालू लागला.

मी गाडी चालवत होतो. तो हेल्मेट मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. जेटीवर पोहोचल्यावर त्याने केरूच्या हातातले इशाऱ्याचे झेंडे घेतले. "जा, तुझा दाणा टाकून ये," एवढंच म्हणाला. केरू माझ्याकडे बघतच राहिला. गाडीत बसल्यावर त्याने दोनदा विचारलं, "सगळे माझ्यासाठी थांबलेत? जेवायचे थांबलेत?"

खरंच थांबले होते. ताटं पालथीच होती. केरू धुळीने भरलेला, त्याला त्या इस्त्रीच्या शर्टांमधून जायला संकोच वाटत होता. माणसांनी बाजूला होऊन वाट करून दिली. भिवाकाकांनी त्याच्या तळहातावर दोन दाणे ठेवले. त्याने आधी नळाखाली हात धुतले, मग डोळे मिटून चिरेतून हात घातला. टण्ण. उरलेला दाणा मुठीत धरून तो बाजूला झाला.

चादर सोडून पातेलं मोठ्या परातीत ओतलं. तनयाने दाणे वेगळे केले आणि सगळ्यांनी मिळून मोठ्याने मोजले. हरभरे आधी संपले. राजम्याचे तीन दाणे जास्त होते.

कोणी टाळी वाजवली नाही. इद्रीससुद्धा जिंकल्यासारखा दिसत नव्हता. तो परातीकडे एकटक बघत होता, जणू एवढ्याशा दाण्यांनी एवढं मोठं काही होतं हे त्यालाही नवीन होतं. मग मला म्हणाला, "साहेब, मी येतो तुमच्याबरोबर. त्याला मीच सांगतो."

केरू, इद्रीस आणि मी, आम्ही तिघं जेटीवर गेलो. सुदेश उन्हात झेंडे धरून उभा होता, समोर क्रेनवर पाइपांचा जुडगा लोंबत होता. तो खाली टेकेपर्यंत त्याने आमच्याकडे मान वळवली नाही. टेकल्यावर विचारलं, "किती?"

"तीन," इद्रीस म्हणाला. "राजमा."

सुदेशने मान हलवली. चेहरा पडला होता, ते त्याने लपवलंही नाही. मग केरूला झेंडे परत देत म्हणाला, "म्हणजे तू आला नसतास तरी मी गेलोच होतो."

"तरी बोलावलंस," केरू म्हणाला.

कमरेची कोठाराची किल्ली काढून सुदेशने इद्रीसच्या हातावर ठेवली. "पहाटे चारला निघ. उशीर झाला की चांगली सुरमई दुसरेच घेऊन जातात." इद्रीसने त्याला मिठी मारली. त्याच्या धुळीने माखलेल्या कपड्यांसकट.

घरी परतताना तनया खिडकीबाहेर बघत होती. मग मराठीतच म्हणाली, "बाबा, पुस्तकात वाचताना मला ते फनी वाटलं होतं. मका आणि बीन्स." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू दुपारच्या उन्हात पांढरी दिसत होती आणि मी गाडी नेहमीपेक्षा सावकाश चालवत होतो.