तीनदा विचारायचं असतं

लिटल हॅम्बल्टनमध्ये मोठं असं काहीच नाही. मोठं हॅम्बल्टनसुद्धा नाही. ते म्हणे तिकडे इंग्लंडात आहे. तिथून कधीकाळी निघालेली चार कुटुंबं अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या या डोंगरात थांबली आणि नावासकट गावाचा नमुनाही घेऊन आली. मधे हिरवळ, तिच्या एका टोकाला चर्च, दुसऱ्या टोकाला पांढरा लाकडी हॉल. वस्ती चारशे बारा. "तुम्ही दोघं आलात, आता चारशे चौदा," असं दुकानातल्या पोस्टाच्या खिडकीतून त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

सुचित्रा आणि तिचा नवरा राजेश यांनी व्हर्जिनियातल्या हर्नडनचं टाउनहाउस विकलं, तेव्हा तिकडच्या मराठी मंडळात हळहळ झाली होती. "अगं, तिथे कढीपत्ता तरी मिळेल का?" शुभाकाकूंनी रडवेल्या आवाजात विचारलं होतं. कढीपत्ता नव्हताच. पण गावाचा हॉल होता, आणि हॉल पाहिल्यावर सुचित्राला कढीपत्त्याचं फारसं दुःख राहिलं नाही. वर नाटकाचं स्टेज, खाली शंभर माणसांचं जेवण रांधता येईल असं स्वयंपाकघर. आगीचा बंब शेजारच्या शेडमध्ये. तो चालवणारा दिवसभर शाळेत गणित शिकवायचा. दाराला कुलूप म्हणून असे, पण किल्ली दुकानातल्या खिळ्याला, सगळ्या गावाला दिसेल अशी. आणि हॉलच्या डाव्या अंगाला एक खोली. लायब्ररी.

ही लायब्ररी पुस्तकं देई, तशी बर्फात चालायचे बूटही देई. दुर्बीण देई. सशाच्या आकाराचा केकचा साचा देई. सुचित्राने सगळ्यात आधी नेलं ते शिवणयंत्र. परत करताना तिने त्याला तेलपाणी केलं, अडकलेला धागा काढला, सुई बदलली. लायब्ररी चालवणारी विनी, वय वर्षं एक्याऐंशी, तिने चष्म्यावरून पाहिलं.

"तेल घातलंत?"

"कुरकुरत होतं बिचारं."

"मग गुरुवारी या. इथे पुष्कळ काही कुरकुरतं."

तेव्हापासून साडेतीन वर्षं सुचित्राचा एक गुरुवार चुकला नाही. मग मंगळवारही धरला, शनिवारही. फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायला ती स्वतःच शिकली. कुणाच्या हातात काय द्यावं हे तिला माणूस बघून कळायला लागलं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. पुढे लग्न, अमेरिका, नोकरीची परवानगी नसलेला व्हिसा, मग लेक इशिता, आणि परवानगी आली तेव्हा 'आता या वयात काय' असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. 'सगळ्यांत' ती स्वतःही होती. सव्वीस वर्षांत प्रथमच कुणीतरी तिला विचारायला येत होतं, "सुचित्रा, हे कुठे सापडेल?"

आणि आता विनी थकली होती. कंबरेचं ऑपरेशन व्हायचं होतं, मग मुलाकडे मुक्काम. मार्चमधल्या गावसभेत नवा माणूस मिळाला नाही, तर लायब्ररी बंद करायची, पुस्तकं तेरा मैलांवरच्या मोठ्या गावाला द्यायची आणि खोलीत बंबाचे पाइप ठेवायचे, असा ठराव कागदावर छापून तयार होता.

"मी तुझं नाव सुचवणार आहे," विनी म्हणाली.

सुचित्रा आठवडाभर हवेत होती. जर्सी सिटीहून इशिताचा फोन आला. "आई, दे विल आस्क, यू से येस. ओके? जस्ट येस."

"मला काय कळत नाही का गं?" सुचित्रा म्हणाली.

सभा मंगळवारी सकाळी नऊला. गावातली ऐंशी-नव्वद माणसं लोकरीच्या टोप्या काढून लाकडी खुर्च्यांवर बसलेली. सभा चालवायला हॅल्सी, मेपलच्या झाडांचा पाक काढणारा, दाराच्या चौकटीएवढा उंच माणूस. बोलायचं त्याने हात वर करायचा, उभं राहायचं, बोलून बसायचं. कुणी कुणाला मधे तोडत नाही. सुचित्राला याचं दरवर्षी नवल वाटे. तिने मंडळाच्या सभा पाहिल्या होत्या.

विनी काठीवर उभी राहिली आणि नाव सुचवलं. सगळ्या माना वळल्या. हॅल्सीने विचारलं, "सुचित्रा, तुम्ही ही जबाबदारी घ्याल का?"

सुचित्रा उठून उभी राहिली. आणि तोंडातून, लहानपणापासून जसं येत आलं तसंच आलं :

"अय्या, मी? नाही नाही. माझ्यापेक्षा कितीतरी चांगली माणसं आहेत."

मग ती खाली बघून, किंचित हसत, पुढच्या आग्रहाची वाट बघत थांबली.

"ठीक आहे," हॅल्सी म्हणाला. "विचार केल्याबद्दल आभार. आणखी कुणी?"

आणखी कुणी नव्हतं. "मग लायब्ररीचा ठराव जेवणानंतर. पुढचा विषय, पुलाची दुरुस्ती."

सुचित्रा बसली.

"नाही का म्हणालीस?" राजेश कुजबुजला.

"एकदाच तर म्हणाले!"

"अगं पण..."

"दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही रे."

"हे काय हळदीकुंकू आहे का, 'बसा हो, थोडं घ्या हो' करायला?"

पुलावर काय ठरलं ते तिने ऐकलं नाही. भिंतीपलीकडे तिची खोली होती. दुसऱ्या कपाटातली तिसरी फळी हलते, तिच्याखाली तिने घडी घातलेला पुठ्ठा सरकवला होता. पाइप ठेवताना तो कुणी काढून फेकला असता.

जेवणाच्या सुट्टीत खाली तळघरात सुपाची पातेली लागली. विनी तिच्यासमोर येऊन बसली. डोळे लाल.

"तुला नको होतं, तर मला आधी सांगायचंस. चारचौघांत तुला अडचणीत आणलं मी. माफ कर."

"मला हवंय, विनी."

"पण तू नाही म्हणालीस."

"तू आग्रह का नाही केलास?"

विनी खरंच गोंधळली. "तू नाही म्हणालीस ना. जाणती बाई आहेस. तुझ्या शब्दापुढे मी आग्रह कसा करू?"

सुचित्राचा चमचा सुपातच राहिला. आयुष्यभर तिच्या 'नाही'ला कुणी 'नाही' समजलं नव्हतं. पानात वाढताना नाही, साडी घेताना नाही, लग्न ठरवतानाही नाही. लोक हसून म्हणत, लाजतेय. आणि इथे नव्वद माणसांनी तिचा शब्द जसाच्या तसा उचलून जपून ठेवला होता. नेमका चुकीचा शब्द, पण जपला होता. तिला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही.

जेवणानंतर हॅल्सीने ठराव वाचायला घेतला. सुचित्राने हात वर केला. ती उभी राहिली.

"मला माझं उत्तर बदलायचंय."

"कारण सांगावं लागेल," हॅल्सी म्हणाला. नियम होता.

"कारण..." तिने राजेशकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता. "आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणतात. लगेच हो म्हणणं हावरटपणा दिसतो. दुसऱ्यांदाही नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग हो. तुम्ही मला तीनदा विचारायला हवं होतं."

हॅल्सीने कागद खाली ठेवला.

"ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे जेवायला आलो होतो. त्या गोड पोळ्या."

"पुरणपोळ्या."

"मी नको म्हणालो, तुम्ही वाढली. पुन्हा नको म्हणालो, पुन्हा वाढली. पाच झाल्या."

"तुम्ही लाजताय असं वाटलं मला!"

"बाई, मी पाचही वेळा मनापासून नको म्हणत होतो. घरी जाताना गाडी बायकोने चालवली."

पहिलं हसू बंबवाल्या मास्तरांचं फुटलं, मग सगळा हॉल. विनी काठी आपटून हसत होती. हॅल्सीने मात्र चेहरा हलू दिला नाही. हातोडा वाजवला, गाव गप्प झालं.

"या गावात पहिल्यांदाच असं होतंय, पण सभेची हरकत नसेल तर आपण त्यांच्या पद्धतीने विचारू. तीनदा." कुणाची हरकत नव्हती. "सुचित्रा, तुम्ही लायब्ररी घ्याल का?"

जुनी सवय जिभेच्या टोकावर येऊन बसली. सुचित्राने ती गिळली.

"हो," ती म्हणाली. "मला हवी आहे."

मग मागच्या रांगेतून कुणाचा तरी दुखावलेला आवाज आला, "अहो, पण अजून दोन वेळा राहिलंय!"