निशा इथं राहत नाही

चंपाबाईंनी दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले, आतलं काही दिसू नये अशा आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या,

“निशा? इथं कोणी निशा-बिशा राहत नाय.”

दारातला माणूस साध्या कपड्यांत होता, पण पायातले तपकिरी बूट पोलिसाचेच. हातात कागद, कागदावर नातीचा फोटो.

“पत्ता तर हाच आहे, आजी. मुकुंदवाडी, गल्ली नंबर चार.”

“आसंल. पोरगी मामाच्या गावाला गेली. वरीस झालं. परत काय यायची नाय.”

आधी राहत नाही, मग गावाला गेली. घाबरल्यावर खोट्याचा मेळ कोण घालत बसतं? पोलिसानं शेजारच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या द्वारकाबाईंना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “व्हय, गावाला. लई दिवस झाले.” समोरच्या किराणावाल्या अप्पारावांनीही तेच सांगितलं. सकाळीच त्यांनी निशाला शाम्पूची पुडी दिली होती. पोलिसानं कागदावर काहीतरी खरडलं आणि गाडीला किक मारून तो गेला.

चंपाबाईंनी फोन लावला. निशा विद्यापीठाच्या लायब्ररीत होती.

“घरी येऊ नको. उस्मानपुऱ्याला आत्याकडं जा सरळ.”

“का गं?”

“पोलीस आलते. तुझं नाव घेऊन, फोटो घेऊन. काय केलंस गं माय?”

निशानं समोरचं पुस्तक मिटलं.

“आजी, तू त्यांना काय सांगितलंस?”

“राहत नाय म्हनलं. भिऊ नको तू. द्वारकानं बी तेच सांगितलं,” चंपाबाई जरा तोऱ्यातच म्हणाल्या.

उस्मानपुऱ्याला जायचं सोडून निशा रिक्षानं थेट घरी आली. पायरीवरच बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आजी, ते पासपोर्टसाठी आले होते. मी इथं राहते का, एवढंच बघायला.”

निशाची निवड झाली होती, हे चंपाबाईंना ठाऊक होतं. त्यांनीच गल्लीभर पेढे वाटले होते. तीन महिने स्कॉटलंडच्या संसदेत काम. तिथल्या एका खासदार बाईंच्या कार्यालयात बसायचं, लोकांची गाऱ्हाणी वाचायची, उत्तरं लिहायची. पण त्याआधी पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टसाठी पोलीस घरी येतात, हे निशानं मुद्दामच सांगितलं नव्हतं. आजी उगाच भिईल म्हणून.

“पासपोर्टचा नंबर वीस तारखेच्या आत पाठवायचाय. नाहीतर माझ्या जागी दुसरी मुलगी जाईल. आणि आता कागदावर काय लिहिलं असेल? पत्ता खोटा!”

“मला काय ठाव?” चंपाबाई तिच्याशेजारी बसल्या. “खोटं बोलले म्हणून आता मलाच नेतील का?”

निशाला रागही येईना आणि रडूही. कारण तिला राजकुमारआजोबांची, आजीच्या दिराची, गोष्ट माहीत होती. विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाच्या दिवसांत पोलिसांनी अशीच दारात हाक मारली होती. नवी नवरी असलेल्या चंपाबाईंनी पदर सावरत खरं ते सांगून टाकलं होतं, की भाऊजी आत जेवायला बसलेत. पोलिसांनी नेलेला दीर एकोणीस दिवसांनी परत आला, पण त्याच्या उजव्या हाताची मूठ पुढं कधी वळली नाही. सासूनं त्यावर एक शब्द काढला नाही, आणि तेच चंपाबाईंना जन्मभर जास्त लागलं. तेव्हापासून गल्लीचा नियम झाला. पोलिसानं नाव घेऊन विचारलं की माणूस गावाला. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ते सगळं झालं, तिथंच निशा आता राज्यशास्त्र शिकत होती.

निशा एकटीच ठाण्यात जाऊन आली. हातापाया पडली. ‘उद्या दहाला येतो, दोन शेजारी तयार ठेवा,’ एवढं कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तोच पोलीस आला. निशा आधारकार्ड, रेशनकार्ड मांडीवर घेऊन दारात खुर्चीवर बसली होती. त्यानं द्वारकाबाईंना विचारलं, “ही कोण?”

निशाला पहिली आंघोळ घालणाऱ्या द्वारकाबाईंनी तिच्याकडं नीट निरखून पाहिलं.

“पाव्हणी आसंल बाई कुनाची तरी.”

“अगं मावशी!” निशा ओरडलीच. तिचे डोळे भरून आले.

द्वारकाबाईंचं लक्ष मात्र चंपाबाईंकडं होतं. काल निशानं मावशीला हजारदा समजावलं होतं, पण चंपाबाईंच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती बाई बधणार नव्हती. अप्पारावही दुकानातून तिकडंच बघत होते. त्यांनी निशाचं मनगट धरलं, इतकं घट्ट की तिला कळ लागली.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माझी नात हाय ही. निशा. इथंच राहती. माझ्याशेजारी झोपती.” मग द्वारकाबाईंकडं वळून, “सांग गं. खरं सांग.”

“मग काल नाही का म्हणालात?” पोलिसानं विचारलं.

“भ्याले, साहेब.”

त्यानं कागद शेजाऱ्यांच्या सहीसाठी पुढं केला. द्वारकाबाईंनी एकेक अक्षर जुळवत सही केली आणि हळूच विचारून घेतलं, “सही केली म्हनून मला तर नाय न्यायचे?” अप्पारावांनी गल्ला उघडा टाकून येऊन सही केली.

“आजच पाठवतो रिपोर्ट,” पोलीस म्हणाला. “जा बेटा, नाव काढ.”

गाडी कोपऱ्यावरून वळली तशी निशानं आजीला मिठीच मारली. “झालं गं आजी! सुटलो! आता कशाला घाबरतेस?”

चंपाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“तिकडं कुनाच्या घरी राहनार तू?”

“एकटीच. खोली दिलीय त्यांनी.”

“शेजारी कोण?”

“असतील कोणीतरी. मी कुठं ओळखते?”

चंपाबाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला.

“मंग तिथं कुणी तुझं नाव घेऊन दारात आलं,” त्या म्हणाल्या, “तर तू नाय म्हनून सांगायला कोण हाय?”