तोंड उघडलं म्हणजे भूक नव्हे

मी एक जुना मासा आहे. शेपटीचा एक कोपरा बगळ्याने नेला, तरी अकरा उन्हाळे मी याच तळ्यात काढले आहेत. चिकाटी आमच्या जातीतच आहे. माझ्यात ती जरा जास्तच आली आहे.

मित्रांनो, पाण्यातही श्वास कोंडतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. अंधार पडला की शेवाळंही आमच्या वाट्यावर हात मारतं. पहाटेपर्यंत कल्ले हलवून जीव मेटाकुटीला येतो. अशा वेळी आम्ही धावपळ थांबवतो, खाणं सोडतो आणि पाण्याचा अगदी वरचा पातळ थर तोंडात ओढतो. हवेला लागून असलेल्या त्या थरात थोडा प्राणवायू उरलेला असतो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही असेच तोंडं वासून तरंगत होतो. तळं सांभाळणाऱ्या मावशी काठावर आल्या. त्यांची माया अफाट, पण घाई त्याहून अफाट!

"अगं बाई, भुकेने व्याकूळ झालीत लेकरं!" असं म्हणत त्यांनी खाद्याची अख्खी बादली पाण्यात रिकामी केली.

आम्ही एक दाणा गिळला नाही. खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो. ते खाद्य तळाशी कुजू लागलं आणि उरलासुरला प्राणवायूही संपवू लागलं. दुसऱ्या पहाटे माझ्या शेजारची चंदेरी मासोळी उलटी झाली. आम्ही एकत्र वाढलो होतो. मला फार वाईट वाटलं, पण रडत बसायला श्वास कुठे होता? पिल्लं दमून खाली जाऊ लागली, तसं मी त्यांना ढुशा देऊन वर ढकललं. आता आणखी कुणी मरायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं.

तेवढ्यात मावशी पुन्हा बादली घेऊन आल्या. पंप दुरुस्त करणारा त्यांचा भाऊ सोबत होता. त्याने त्यांचा हात धरला.

"ताई, थांब. कालचं तसंच पडलंय बघ. भुकेला जीव अन्न सोडेल का? यांना श्वास पुरत नाहीये."

मावशींची नजर उलट्या तरंगणाऱ्या चंदेरी मासोळीवर गेली. "म्हणजे मीच मारलं की रे तिला!"

"रडायचं ते नंतर रड. आधी ही नळी धर, उंचावरून पाणी सोडू."

पाणी फेसाळत कोसळलं आणि येताना हवा घेऊन आलं. दुपारपर्यंत आम्ही पुन्हा खाली उतरलो.

आता उन्हाळ्यात मावशी रोज पहाटे येतात आणि आधी नुसत्या आमच्याकडे बघत बसतात. मित्रांनो, आम्हा मुक्या जिवांना काही देण्याआधी तुम्हीही असंच क्षणभर थांबून बघा. त्या चंदेरी मासोळीला तेवढंच हवं होतं.