जूनमधली वर्षअखेर

कारखान्यात परत आलेल्या घड्याळांची पेटी उघडली की आराखडे काढणाऱ्या उशियामा शिगेकीचं टाळकं सरकायचं. प्रत्येक काचेखाली धुकं. पावसाळ्यात ग्राहकाचा घाम आत शिरायचा, काटे गंजायचे आणि घड्याळ मालकाच्या आधी निवृत्त व्हायचं.

घाम अडवणारं, रबरी कड्याचं झाकण त्याने कधीच आखून दिलं होतं. तो आराखडा मालक कोगुचींच्या टेबलावर होता, चहाच्या पेल्याखाली. कोगुचींचा जीव तबकडीत अडकलेला. स्विस घड्याळांसारखी सोनेरी अक्षरं हवीत म्हणून. गावच्या तळ्यापलीकडची कंपनी मात्र पुढच्या शरदात तसलंच झाकण बाजारात आणणार, हे सुवा गावातला प्रत्येक न्हावी गिऱ्हाइकाला सांगत होता. ते आधी आलं, की आपल्या आराखड्याने पेलाच पुसायचा, हे उशियामाला कळत होतं.

डिसेंबरात सरतं वर्ष विसरायची मेजवानी झाली. त्या संध्याकाळी मालकाला काहीही सुनवावं आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवू नये, असा रिवाज. उशियामाने तांदळाची साके पोटात ढकलली आणि तो उभा राहिला.

"साहेब, तुमचं घड्याळ घाम न येणाऱ्यांसाठी आहे. या देशात जूनमध्ये फक्त मढ्याला घाम येत नाही. आणि मढं वेळ विचारत नाही."

कोगुचींचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात धरला, उद्याच झाकण करू म्हणाले.

उद्या उजाडल्यावर त्यांना काही आठवेना. काल फार झाली हो, म्हणाले. कोगुचींना अल्सर होता. संध्याकाळभर ते जवाचा चहा प्यायले होते.

जानेवारी ते मे उशियामा दात खात काम करत राहिला. जूनमध्ये पेट्या दुप्पट आल्या. एके दिवशी सकाळी कारखान्याची रेडिओवरची कवायत संपली, सगळे हात खाली आले, याचा एक वरच राहिला. आणि त्याने मढ्यापासून सुरुवात करून सगळं पुन्हा सुनावलं. कोरड्या तोंडाने, शुद्धीत, सगळ्या कारखान्यासमोर.

शुद्धीत बोललेलं विसरता येत नाही. विसरता आलं नाही तर माणसाला कामावरून काढावं लागतं. कोगुचींनी कँटीनमधून जवाच्या चहाच्या किटल्या मागवल्या आणि पेला उंचावला.

"मंडळी, वर्ष संपलं. कानपाई."

सगळे चहा प्यायले. हिशेबनीस मात्सुझावा शिस्तीचा माणूस. तो झिंगून भिंतीला टेकला. कुणीतरी रडकं गाणं धरलं.

"आता बोला उशियामा, काय म्हणत होता?" कोगुचींनी विचारलं. "आणि लवकर आटपा. उद्या मला आठवणार नाहीये."

म्हणून सगळं त्याच दिवशी उरकलं. आराखड्यावर शिक्का बसला, रबरवाल्याला फोन गेला, सोनेरी अक्षरं रद्द झाली. शरदात कोगुचींचं झाकण तळ्यापलीकडच्यांच्या आधी दुकानात पोचलं. पुढच्या पावसाळ्यात लोक स्विस घड्याळं ड्रॉवरमध्ये ठेवून हे घड्याळ घालू लागले. कारखान्याला दुसरा मजला चढला.

त्याच्या उद्घाटनाला कोगुचींनी झाकणाचं तोंडभर कौतुक केलं आणि ते कुणाला सुचलं, असं सगळ्यांसमोर विचारलं.

मात्सुझावाने छताकडे पाहिलं. उशियामाच्या कानशिलाची शीर उडत होती.

"आठवत नाही, साहेब," तो म्हणाला. मग जागेवर जाऊन त्याने नव्या स्प्रिंगचा आराखडा काढला आणि कँटीनला फोन करून विचारलं, किटल्या घासल्यात का.