कोरं सोडायचं पान

"जिथं मूळ हरवलंय तिथं कोरं सोडायचं. आपण भरायचं नाही. कळलं का?"

ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील, पण सकाळी वही उघडली की हा आवाज येतोच. देवाधर्माचं काही नाही, औषधपाण्याचं नाही. कोरं सोड, एवढंच.

माझे यजमान, खासनीस सर, भोरला शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्यांनी एकच काम केलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक रोमन वक्ता, राजकारणी, त्याचं जे काही लिखाण उरलंय त्यातली भाषणं नि पत्रं मराठीत आणायची. त्यासाठी साठीत लॅटिन शिकले. घरात आम्ही त्या माणसाला वकीलसाहेब म्हणायचो. "आज वकीलसाहेब तापलेत" म्हणजे भाषण चाललंय. "आज हळवे झालेत" म्हणजे पत्र.

ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून स्वच्छ प्रत मी करायचे. माझं लेखनव्रत होतंच, आईनं घालून दिलेलं. आंघोळ करून, तोंडात काही घालायच्या आधी, रोज एक पान रामनाम लिहायचं. ह्यांचं काम सुरू झालं तेव्हा मी देवाची परवानगी घेतली नि रामनामाच्या वहीनंतर रोज वकीलसाहेबांचंही एक पान लिहू लागले. व्रताचा नियम एकच, पान अर्धं टाकून उठायचं नाही.

तिथंच माझी चूक झाली.

वकीलसाहेबांची लाडकी लेक बाळंतपणानंतर गेली. त्यांच्या दुःखाची पत्रं उरलीत, पण लेकीनं बापाला लिहिलेलं एकही उरलेलं नाही. ह्यांनी तसं एका ओळीत लिहून खाली जागा सोडली होती. माझं पान अर्धं राहिलं. उठता येईना. मग हात आपोआप चालला नि मी लेकीचं पत्र लिहिलं. मला मूल नाही, आणि माझ्या वडिलांना मी जन्मात पत्र लिहिलं नव्हतं. तेच सगळं उतरलं असेल. "बाबा, तांदूळ निवडता निवडता तुमची आठवण आली. तुम्ही साऱ्या गावाशी बोलता, घरी आलात की दमलेले असता. मी खडे बाजूला काढते आणि तुमची वाट बघते."

मला ते इतकं आवडलं की रामनामाच्या वहीतही उतरवून ठेवलं. ह्यांनी तिथंच वाचलं. आधी हसले.

"अगं, रोमची बाई तांदूळ निवडेल? ते लोक गहू खायचे. भात पिकतो तो आपल्या उत्रोलीला!" मग चष्मा काढला. "आणि तिचा एक शब्द उरला नाही, हे खरं आहे. ते खरं तसंच ठेवायचं. तिच्या तोंडी आपण का बोलायचं?"

"उद्या पान बदलते."

"वचन?"

"वचन."

त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं रामनामाच्या वहीतल्या त्या पानाच्या कडेला लिहिलं, "हे पत्र मालिनीने रचले. मूळ नाही. प्रतीतून काढणे." खाली सही, तारीख. शाळेतली सवय.

दुसऱ्या दिवशी पहाटे ह्यांना पक्षाघात झाला. प्रतीतलं पान तसंच राहिलं.

आजारपणात उपेंद्र यायचा. ह्यांचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात प्राध्यापक. "काकू, टाइप करून आणतो," म्हणून त्यानं वकीलसाहेबांच्या सगळ्या वह्या नेल्या, ह्यांचे कच्चे कागदसुद्धा. मी पिशवी भरून दिली, वर गूळपोळ्या दिल्या. हे गेले. तेराव्याला मी वह्या विचारल्या तर म्हणाला, "घर बदललं ना काकू, कुठल्या खोक्यात गेल्या देव जाणे."

यंदा पुस्तक निघालं. वर उपेंद्रचं नाव. आत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, "भोर येथील एका शिक्षकांची काही टिपणे चाळली."

एका शिक्षकांची.

मी रोज वात लावताना उपेंद्रचं नाव घेते. शाप देत नाही, माझ्या व्रतात ते बसत नाही. नुसतं नाव घेते, देवाच्या लक्षात राहावं म्हणून.

उत्रोलीची धोंडाबाई माझ्याकडे दूध घालते. तिला सगळं ठाऊक. एका रविवारी पेपर घेऊन आली. नातीनं तिला वाचून दाखवला होता.

"बाई, ह्यात त्या पोरीचं पत्र छापलंय बगा. लई रडली म्हनं लोकं. पर मला एक सांगा, त्या देशात तांदूळ व्हता का?"

मी पेपर घेतला. शब्दन् शब्द माझा. खाली कुणी थोर माणसानं लिहिलं होतं, पुस्तकाचं हृदय या पत्रात आहे.

"नव्हता गं," मी म्हटलं.

"मग ह्या शहाण्याला कसं न्हाई कळलं?"

"भोरचा आहे ना तो. भाताशिवाय घर असतं हे त्याच्या डोक्यातच येणार नाही."

धोंडाबाई इतकी हसली की तिच्या हातातलं माप हिंदकळलं. मी हसले नाही. किती तरी दिवसांनी मला भूक लागली होती.

पुढच्याच आठवड्यात उपेंद्र स्वतः आला, पेढे घेऊन. विंझरला फार्महाऊस बांधल्यापासून तो तिकडचा भूमिपुत्र झालाय, म्हणून वेल्ह्याला त्याचा सत्कार ठरला होता.

"काकू, पहिल्या रांगेत बसायचं. आणि ते लेकीचं पत्र तुम्ही वाचून दाखवायचं. सरांची आठवण म्हणून. तुमचा आवाज किती मऊ आहे!"

मी चिवडा पुढे केला. "वाचेन की. पण हे पत्र तुला कुठं रे मिळालं? हे तर म्हणायचे, लेकीचं काहीच उरलं नाही."

त्याचा घास क्षणभर थांबला. मी नुसती नक्कल करते, काय उतरवलं ते माझ्या लक्षात राहत नाही, असंच त्याला कायम वाटायचं. मग म्हणाला, "सरांच्या वेळी माहीत नव्हतं, काकू. मी रोमला गेलो होतो ना, तिथल्या जुन्या ग्रंथालयात हस्तलिखित पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी."

"अगंबाई! मग हे लोकांना सांग हं. मी वाचायच्या आधी सांग. कसं पाहिलंस, कसं सापडलं, सगळं."

"सांगणारच!"

"अजून घे ना चिवडा."

तो गेल्यावर मी ताटली घासली, दोनदा घासली. ह्यांनी मला एकदा वकीलसाहेबांच्या मरणाची गोष्ट सांगितली होती. शत्रूंनी त्यांचं डोकं नि हात तोडून भर चौकात व्यासपीठावर लावले. शत्रूच्या बायकोनं केसातला आकडा काढला नि त्या मेलेल्या जिभेत टोचला म्हणे. हे शहारले होते. मी भात वाढत होते, आणि माझ्या मनात आलं होतं, टोचायचं तर जिवंत असताना.

सत्काराच्या दिवशी धोंडाबाई दूध घालून थांबली.

"बाई, इचार केलाय न्हवं? लोकं इचारतील, तुमी खोटं पत्र लिवलंच कशाला. सरांची वही बी खोटी म्हनतील."

"म्हणतील."

"मग?"

ह्याचंच मला भय होतं, आणि आठ दिवस मी त्यावरच जप केला होता. गप्प बसले तर ह्यांचं अकरा वर्षांचं काम उपेंद्रच्या नावानं राहणार. बोलले तर माझी लबाडी आधी उघडी पडणार, मगच त्याची. ह्यांना खोट्या पानाचा राग होता. ते पान आता छापून घरोघर गेलंय, माझ्यामुळेच. ते कोरं करायचं तर माझ्याशिवाय कोण करणार?

"मग म्हणू देत," मी म्हटलं. "तांबड्या पेन्सिलीतलं वाचून दाखवेन. ते काही खोटं नाही."

"पत्र वाचनार न्हाई?"

"पत्र नाही. फक्त कडेचं."

धोंडाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाई, तुमी लई गोड बोलता. मला तुमचं भ्या वाटतंया."

आंघोळ झालीच होती. रामनामाचं पान लिहिलं, शेवटच्या ओळीपर्यंत. वात लावली. आज नाव घेताना देवाकडे एकच मागितलं, उपेंद्रचा आवाज खणखणीत लागू दे, मागच्या रांगेपर्यंत पोचू दे. रोम, ग्रंथालय, स्वतःचे डोळे, काही काही विसरू देऊ नकोस.

रामनामाची ती जुनी वही सोवळ्याच्या फडक्यात गुंडाळली, त्या पानात तुळशीचं पान घातलं. उपेंद्रनं गाडी पाठवतो म्हटलं होतं. मी नको म्हटलं, त्याच्या गाडीत बसून मला हे न्यायचं नव्हतं.

कापूरहोळपर्यंत एसटी, तिथून वेल्ह्याची. कुलूप लावलं, किल्ली धोंडाबाईला दिली, वही छातीशी धरली आणि स्टँडची वाट धरली.